ग्राफाइटला बोल लावण्याआधी

पोटॅशियम-आयन सेल बसला की नवी मुलं आधी ग्राफाइटच्या नावानं बोटं मोडतात. तू तसं करू नकोस गं. आमच्या सरांनी लिथियमच्या काळात हेच बजावलं होतं: प्रॉपिलीन कार्बोनेटात (पीसी) ज्या ग्राफाइटचे पापुद्रे सुटतात, तेच एथिलीन कार्बोनेटात (ईसी) नीट चालतं, म्हणजे आधी इलेक्ट्रोलाइट तपास. पोटॅशियमला तर हे दुपटीनं लागू.

पोटॅशियम थरांत भरलं की आठ कार्बनांमागे एक बसतं. हिशेबानं ग्रॅममागे २७९ मिलिअँपिअर-तास. पण तेवढ्यात ग्राफाइट साठेक टक्के फुगतं. लिथियममध्ये हे दहाच्या आसपास असतं. म्हणजे पहिल्या चार्जिंगला इलेक्ट्रोलाइट मोडून अंगावर धरलेली एसईआयची साय दर फेरीला ताणली जाते. फाटली की नवी धरायला पुन्हा इलेक्ट्रोलाइट खर्च.

ती साय चिवट हवी, म्हणून सॉल्टकडे बघ. केपीएफ-सिक्स ईसी-डीईसीच्या मिश्रणात फारसं विरघळत नाही आणि त्याची साय बहुधा कच्चीच निघते. मी सुरुवात केएफएसआयनं करते. त्याचा ॲनायन स्वतः मोडून टिकाऊ थर देतो. मात्र पातळ द्रावणात कॅथोडकडचं ॲल्युमिनियम तो खातो, हे विसरू नकोस. (ॲनोडला तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची फॉइल खुशाल वापर, पोटॅशियम त्याच्याशी मिश्रधातू करत नाही.)

डीएमई या सॉल्व्हंटमध्ये पातळ द्रावण केलंस तर तो आयनाचा हात धरून थरांत शिरतो. वेग उत्तम, पण क्षमता शंभराच्या आसपास अडकते. तेच डीएमई केएफएसआयनं गच्च भरलं की मोकळा सॉल्व्हंट उरत नाही, आयन एकटा आत जातो. टोकियोत कोमाबांच्या गटानं किलोमागे सात मोलपर्यंत नेऊन हे दाखवलंय. असलं दाट द्रावण सेपरेटरमध्ये लवकर मुरत नाही. काचतंतूचा सेपरेटर घे, सेल रात्रभर राहू दे. पूर्ण चार्ज झाल्यावर ग्लोव्ह बॉक्समध्ये उघडून बघ: सगळीकडे सोनेरी झाक हवी. कडा सोनेरी नि मध्ये काळं दिसलं, तर द्रावण पोचलेलंच नाही.

सोडियमची सवय म्हणून एफईसी हे ॲडिटिव्ह टाकू नकोस. इथे व्होल्टेजचा नुसता गोंधळ होतो. हाफ सेलच्या आकड्यांवरही फार विसंबू नकोस. समोरचं पोटॅशियम स्वतःच इलेक्ट्रोलाइट बिघडवतं, दोष ग्राफाइटवर येतो. शंका आली की तिसरा इलेक्ट्रोड लाव.

आणि पिवळी खपली धरलेला पोटॅशियमचा तुकडा कापायचा नाही, स्फोट होऊ शकतो. बाजूला ठेव, मला हाक मार.