गोरोबाकाकांचे अंगण



प्रपंच आणि परमार्थ यांचा मेळ कसा घालावा, हा वारकऱ्याचा नित्याचा प्रश्न. त्यातही ज्याचा उद्योग घरातच चालतो, ज्याच्या ओसरीवर माग, अंगणात चाक किंवा माजघरात शिवणयंत्र आहे, त्याच्या प्रपंचाची घडण निराळी. नोकरदार मनुष्य सायंकाळी काम कचेरीत ठेवून घरी येतो. हातकारागिराचे काम मात्र त्याच्या उशाशी निजते व त्याच्या आधी उठते. अशा घराविषयी प्रस्तुत पाठात थोडे निरूपण करावयाचे आहे, आणि त्यास आधार घ्यावयाचा आहे तो तेरच्या श्रीसंत गोरोबाकाकांच्या चरित्राचा.

हा विषय आम्हांस एका कुंभाराच्या घरच्या माउलीने सुचविला. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका गावी आम्ही सप्ताहास गेलो होतो. रात्री कीर्तनात गोरोबाकाकांचे चरित्र लावले. दुसऱ्या दिवशी दुपारचे जेवण गावातल्या कुंभाराच्या घरी होते. जेवणे झाली, पानसुपारी झाली, आणि दाराआड उभ्या असलेल्या घरच्या बाई हळूच म्हणाल्या, "बुवा, रागावू नका, पर एक इचारू का?"

"विचारा की, माउली."

"संतीनं जाताना सांगितलं हुतं न्हवं, पोराकडं बघा म्हणून?"

"होय, सांगितले होते."

"मग राती तुम्ही म्हणालात, बाई पाण्याला गेली आन् घात झाला. पाणी काय ती हौसेनं आणाय गेली हुती? घरालाबी पाणी तिनंच आणायचं, चिखलालाबी तिनंच. मग बोट तिच्याकडंच का वो?"

आम्ही निरुत्तर झालो. चाळीस वर्षे जी कथा सांगितली, तिच्यातले हे एक वाक्य आमच्या तोंडून किती वेळा सहज गेले असेल! त्या दिवसापासून ते चरित्र आम्ही पुन्हा वाचू लागलो.

प्रथम कथा थोडक्यात स्मरू. गोरोबाकाका तेरचे, तेरणाकाठचे. आज हे गाव धाराशिव जिल्ह्यात आहे आणि काकांची समाधी तेथेच आहे. परंपरेने त्यांचा काळ इ. स. १२६७ ते १३१७ असा धरतात. महिपतीबुवांनी इ. स. १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या भक्तविजयात त्यांचे चरित्र विस्ताराने आले आहे. काका अंगणात चिखल तुडवीत होते, मुखी नाम होते. कुटुंब संती तान्ह्या मुलावर लक्ष ठेवण्यास सांगून पाण्यास गेली. मूल रांगत बापाकडे आले, पायाखाली आले आणि चिखलात मिळून गेले. काकांस भान नव्हते. संती परत आली आणि तिने आकांत मांडला. काका रागाने तिच्या अंगावर धावले, तेव्हा तिने विठ्ठलाची आण घातली की मला शिवाल तर! ती आण काकांनी पाळली. पुढे संतीनेच आपली बहीण रामी हिच्याशी त्यांचे लग्न लाविले. परंतु दोघींस सारखेच वागवा असे सासऱ्याने सांगितल्यामुळे काका रामीसही शिवेनात. अखेर एका रात्री त्या दोघींनी निजलेल्या काकांचे हात आपल्या अंगावर ठेविले, आण मोडली म्हणून काकांनी ते हात तोडून टाकले, आणि पंढरीस नामदेवरायांच्या कीर्तनात हात परत आले, मूलही परत मिळाले.

हे चरित्र सांगताना आम्ही एकतानतेचा महिमा गात असू. तो खराच आहे. पण या चरित्रात भक्ताबरोबर एक कारागीर आहे, एक कर्ती बाई आहे, एक मूल आहे, आणि या सर्वांचे एकच अंगण आहे. त्या अंगणाकडे आम्ही पाहिलेच नव्हते.

का पाहिले नव्हते, याचा विचार करता आम्हांस पाठशाळेतील दिवस आठवले. विश्वनाथपंचाननांची मुक्तावली शिकताना 'कारण' कशास म्हणावे याची चर्चा चाले आणि दृष्टांत नेहमी घटाचा असे. मृत्तिका हे समवायिकारण. कुलाल, चक्र, दंड ही निमित्तकारणे. जे घटाच्या आधी हजर असेल, पण ज्यास कारण म्हणण्याचे कारण नाही, ते 'अन्यथासिद्ध'. या अन्यथासिद्धांच्या यादीत कुंभाराचा बाप येतो आणि माती वाहून आणणारे गाढवही येते. गाढवाचे नाव आले, पण कुंभारणीचे नाव कोठेच नाही! शास्त्रास आम्ही दोष देत नाही. शास्त्रास घटाचे कारण हवे होते. आम्ही मात्र त्याच डोळ्यांनी कुंभाराचे घर पाहात राहिलो, ही आमची चूक.

प्रत्यक्ष घरात काय असते ते बघा. चाकावर बहुधा पुरुष बसतो. पण त्याआधी माती फोडणे, चाळणे, भिजवणे, तीत राख व लीद मिसळणे, पाणी आणणे, ओली भांडी सावलीत मांडणे, मग बेताने उन्हात सरकविणे, रंगविणे, आवा लावताना भांडी हातोहात देणे, आणि शेवटी बाजारात बसून विकणे, यांतला मोठा वाटा घरच्या बायका उचलतात. शिवाय चूल, मूल आणि म्हाताऱ्यांची दुखणी त्यांच्याकडेच. तेव्हा 'बाई घर बघते, पुरुष धंदा बघतो' ही वाटणी अशा घरास लागू नाही. तेथे दोघेही धंदा बघतात. घर कोणी बघायचे हे मात्र ठरलेले नसते. काकांच्या अंगणातला घात या न ठरलेल्या जागेतच झाला.

म्हणून अशा गृहस्थाने काय करावे, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट जागेची. आता चिखल मळण्यास यंत्रे निघाली, चाक विजेवर फिरू लागले. पाय वाचले ही चांगलीच गोष्ट. पण धोका गेला नाही, त्याने वेश बदलला. माती भिजविण्याचा हौद उघडा राहिला तर रांगते मूल त्यात पडते. चाकाची वायर ओल्या जमिनीवर लोळत असते. कोरडी माती चाळताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसांस अपाय करते, आणि ती धूळ पाळण्यातल्या मुलाच्याही नाकात जाते. म्हणून हौदावर झाकण असावे, वायर उंच बांधावी, माती पोरांपासून दूर, उघड्यावर, तोंडास फडके बांधून चाळावी. अंगणात कामाची आणि खेळाची हद्द आखावी. मध्ये एक बाज आडवी लावली तरी पुष्कळ.

दुसरी गोष्ट शब्दाची. संतीने सांगितले होते. पण काकांनी 'हो' म्हटले का? चरित्र पुनःपुन्हा वाचताना आमचे मन येथेच अडते. सांगणाऱ्याने समोरच्याचा होकार कानाने ऐकल्याशिवाय उंबरा ओलांडू नये. आणि होकार दिला, की ऐकणाऱ्याने चिखलातून पाय बाहेर काढावेत. मूल आणि चिखल दोन्ही एकदम सांभाळीन, ही बढाई करू नये. एवढा थोर भक्त, त्यालाही ते साधले नाही. आपली काय कथा!

तिसरी गोष्ट वेळेची. घरच्या धंद्यास सुटी नसते, ती आपण द्यावी लागते. दिवेलागण झाली की चाक थांबवावे, हातपाय धुवावेत, सर्वांनी मिळून हरिपाठ म्हणावा आणि जेवावे. गिऱ्हाइकाचा फोन त्या वेळी वाजला तर वाजू द्यावा. आवा लावण्याची रात्र याला अपवाद. त्या एका रात्री महिन्याची कमाई आगीत असते, भांडी ओली राहिली असतील तर तडकतात, वळवाचा पाऊस आला तर सारेच जाते. तेव्हा त्या रात्री जागरण व्हावयाचेच. पण ते घरातल्या सर्वांना आधी ठाऊक असावे, आणि पोराची परीक्षा त्याच सकाळी नसावी.

चौथी गोष्ट हिशेबाची. समजण्यापुरते आकडे धरू. पंधरा दिवसांच्या कामानंतर आव्यात १०० माठ लावले. १५ फुटले, ८५ हाती आले. दर १५० रुपये धरला तर १२,७५० रुपये होतात. माती, जळण व गाडीभाडे मिळून ५,००० गेले, उरले ७,७५०. कारभारी म्हणतो, पंधरा दिवसांत एवढे, म्हणजे मला रोज ५१६ रुपये सुटले. बरे वाटते. पण पंधरा दिवस कामास दोघे होती. दोघांचे मिळून ३० दिवस झाले, म्हणजे प्रत्येकी रोज २५८ रुपयेच पडले. हा दुसरा हिशेब खरा. पहिला हिशेब करणारा माठ स्वस्तात विकतो आणि ती तूट बाईच्या घामातून भरून निघते, हे त्याला कळतही नाही. म्हणून वहीत दोन नावे लिहावीत. विक्रीचा पैसा व घरखर्चाचा पैसा वेगवेगळ्या डब्यांत ठेवावा, आणि दोन्ही डबे दोघांनाही उघडता यावेत.

कर्जाचेही तसेच. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय घेतले आहेत, त्यांत कुंभारकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख व पुढे दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. पहिले कर्ज १८ महिन्यांत फेडावयाचे असते. सवलत चांगली, पण चाकासाठी काढलेले कर्ज लग्नाच्या मांडवात जाऊ देऊ नये. चाक कमावते, मांडव कमावत नाही.

पाचवी गोष्ट वर्षाच्या गणिताची. संक्रांतीस सुगडी, उन्हाळाभर माठ, अक्षय्यतृतीयेस पाण्याचे घट, पोळ्यास मातीचे बैल, नवरात्रास घट, दिवाळीस पणत्या, असे कुंभाराचे वर्ष सणांस बांधलेले आहे. पण ज्येष्ठ-आषाढात भांडी वाळत नाहीत, आवा पेटत नाही. आणि नेमकी त्याच वेळी शाळा सुरू होते, वह्या-पुस्तके व गणवेश लागतात. म्हणून वैशाखाच्या कमाईतला काही भाग मृगाच्या आधी बाजूस ठेवावा. तो ठेवला असेल तर आषाढात वारीसही निश्चिंत जाता येते. घरी उधारी ठेवून निघालेला वारकरी वाखरीपर्यंत व्याजच मोजीत चालतो.

आता उत्तरार्धाकडे वळू. आण पडल्यावर त्या घरात काय झाले? एका अंगणात राहून नवराबायको अंतरली, आणि शेवटी घाव पडला तो हातांवर. कारागिराचे हात म्हणजे घराची दौलत. माती तीच, चाक तेच, पण हात गेल्यावर सारे थांबले. घरातला अबोला शेवटी हातात उतरतो, हे आम्ही अनेक घरी पाहिले आहे. चाकावरचे मडके वाकडे होऊ लागले, तर मातीस दोष देण्याआधी काल रात्री घरात काय बोलणे झाले ते आठवावे. काकांनी थापटण्याने संतांची डोकी थापटून कच्चे-पक्के पारखले, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. भाजलेले मडके खणखणते, तडकलेले बद्द वाजते. गृहस्थाने अधूनमधून आपल्या घरावरही टिचकी मारून कान द्यावा.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. काकांचे मूल पांडुरंगाने परत दिले. ती त्याची कृपा. आपण मात्र त्या कृपेच्या भरवशावर आपल्या अंगणात डोळे मिटून चिखल तुडवू नये. नाम डोळे उघडे ठेवूनही घेता येते. अरणचे सावता महाराज मळ्यात राहून नाम घेत होते, आणि मळा राखतही होते.

हे सर्व दुसऱ्यास सांगणे सोपे. आमचाही कीर्तनाचा व्यवसायच आहे. सप्ताह, चातुर्मास, पुण्यतिथ्या यांत आमचे आयुष्य गावोगाव गेले. घरी मुलांची दुखणी आमच्या कुटुंबाने एकटीने काढली. धाकट्याला विषमज्वर झाला, तेव्हा आम्ही तीन मुक्काम दूर होतो, आणि निरोप पोचल्यावरही काल्याचे कीर्तन करूनच निघालो. मूल वाचले. पण निघताना तिने 'घराकडे लक्ष असू द्या' म्हटले होते, आणि आम्ही होकार दिला होता की नाही, हे आज आठवत नाही.

हल्ली हे चरित्र लावले, म्हणजे संती घागर घेऊन निघते तेथे आम्ही टाळ-मृदंग थांबवितो. तिचे शब्द सांगतो, आणि समोर बसलेल्या पुरुषांस विचारतो, "काका, ऐकलेत का?" थोडा वेळ कोणी बोलत नाही. मग कोणीतरी मागून "हो" म्हणतो. तो होकार ऐकल्यावरच आम्ही पुढची कथा सांगतो.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल.