भाता दाबतो तसा भरलाही पाहिजे



‘हार्ट फेल’ म्हटले की आपण समजतो, माणूस गेला. डॉक्टरांचा अर्थ वेगळा आहे. हृदय चालूच असते, पण शरीराला लागेल तेवढे रक्त नीट पुरवणे त्याला जमत नाही. असे का होते, ते आज पाहू.

लोहाराचा भाता आठवा. तो उघडतो तेव्हा हवा आत येते, दाबला की बाहेर जाते. आपले हृदयही एका मिनिटात सुमारे 70 वेळा असेच भरते आणि दाबले जाते. प्रत्येक ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला जवळजवळ 5 लिटर रक्त ते शरीरात ढकलते. विसाव्याच्या वेळी दाबण्यापेक्षा भरण्यालाच जास्त वेळ लागतो. हृदय फार वेगाने धावू लागले की हा भरण्याचा वेळ कमी होतो.

भाता दोन तऱ्हांनी बिघडतो. एक, दाब कमी पडतो. हृदयविकाराचा झटका येऊन स्नायूचा काही भाग मेला की असे होते. दुसरी, कातडे ताठर होते आणि भाता पुरता उघडतच नाही. वर्षानुवर्षे रक्तदाब वाढलेला राहिला की हृदयाची भिंत जाड व ताठर होते. अशा वेळी इको तपासणीत ‘पंपिंग चांगले आहे’ असे येते आणि घरचे निश्चिंत होतात. पण रक्त नीट भरत नसेल, तर तेही हार्ट फेल्युअरच.

पाटाला पुढे वाट मिळाली नाही की पाणी मागे तुंबते. तसेच रक्त मागे फुप्फुसांत तुंबले की धाप लागते. पायांकडे तुंबले की घोटे सुजतात.

म्हणून आम्ही सांगतो, पुढील खुणा म्हातारपणावर ढकलू नका: चढ चढताना पूर्वी नव्हती अशी धाप, झोपताना वाढत जाणाऱ्या उशा, रात्री गुदमरून जाग येणे, संध्याकाळी दोन्ही पायांना सूज, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणे. ‘सोयाबीनची कापणी आटोपली की उज्जैनला दाखवू’ असे म्हणत थांबू नका. बसल्या जागी दम लागला किंवा छातीत दुखू लागले, तर लगेच 108 क्रमांकावर गाडी बोलवा.

घरी काय करावे? रक्तदाब मोजून घ्यावा. तो वारंवार 140/90 किंवा त्याहून अधिक येत असेल, तर उपचार घ्यावेत. बरे वाटले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. दिवसभराचे मीठ एका चहाच्या चमच्याहून कमी असावे. लोणचे, पापड यांतले मीठही त्यातच धरावे. तंबाखू सोडावी. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून रोज घेऊ नयेत. त्यांतील पुष्कळशा गोळ्या शरीरात पाणी साठवतात.

घरातल्या वडीलधाऱ्यांना आज रात्री एवढेच विचारा: ‘हल्ली किती उशा लागतात?’