‘त्या काळी तसेच होते’ : पण कोणाच्या काळी?

थोर म्हटल्या गेलेल्या पुरुषाचे एखादे जुने मत पुढे ठेवले की चर्चा बंद पाडणारे एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘अहो, त्या काळी तसेच होते. आजच्या फूटपट्टीने त्यांना मोजू नका.’ गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतील सुरुवातीच्या वर्षांत तेथील काळ्या लोकांविषयी तुच्छतेने लिहिले होते. त्यावरून घानाच्या विद्यापीठातील त्यांचा पुतळा डिसेंबर २०१८ मध्ये हलविला गेला, तेव्हा हेच वाक्य आले. आमच्या जालना जिल्ह्यात शिक्षकांच्या खोलीत टिळकांचा विषय निघाला तरी हेच.

वाचकहो, हे वाक्य सर्वस्वी खोटे नाही. म्हणूनच ते नीट तपासले पाहिजे. माणसाची समजूत आणि माणसाचे वर्तन या दोन वेगळ्या गोष्टी त्यात एकाच पोत्यात भरलेल्या असतात.

आधी समजूत घ्या. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या पंडितांनी ‘आर्य वंश’ नावाची कल्पना प्रचारात आणली आणि आपल्याकडील विद्वानांनी ती उचलली. टिळकांनी १९०३ साली आर्यांचे मूळ घर उत्तर ध्रुवाकडे असल्याचे इंग्रजी ग्रंथातून मांडले. पण जोतीराव फुल्यांनीही १८७३ च्या ‘गुलामगिरी’त आर्यभट इराणातून आले आणि त्यांनी येथील मूळच्या लोकांना जिंकून दास केले, हीच चौकट स्वीकारलेली आहे. निष्कर्ष मात्र उलटा! एकाला त्या कल्पनेत पूर्वजांचा मोठेपणा दिसला, दुसऱ्याला शूद्रातिशूद्रांच्या दास्याचे कारण दिसले. (हाच ग्रंथ जोतीरावांनी गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगावे.)

आता बाबासाहेबांनी काय केले ते पाहा. १९४६ च्या ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात त्यांनी आर्य वंशाचा सिद्धान्त पुराव्यानिशी मोडून काढला. म्हणजे त्याबरोबर जोतीरावांची चौकटही गेली. आणि हा ग्रंथ त्यांनी अर्पण कोणाला केला? जोतीराव फुल्यांनाच! ज्याचे एक मत त्याच ग्रंथात टिकत नाही, त्याच्याच नावाने ग्रंथ उघडतो. त्या काळी उपलब्ध असलेल्या ज्ञानाची चूक माणसाच्या माथी मारावयाची नसते, हे येथे दिसते. या बाबतीत ‘त्या काळी तसेच होते’ हे उत्तर टिळकांनाही मिळाले पाहिजे. ते नाकारणे अन्यायाचे होईल.

वर्तनाचा हिशेब निराळा आहे. २३ व २४ मार्च १९१८ रोजी मुंबईस सयाजीराव गायकवाडांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यता निवारणाची परिषद भरली. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचा त्यात पुढाकार होता. टिळक आले, बोलले, आणि देव जर अस्पृश्यता मानीत असेल तर त्याला आपण देव म्हणणार नाही अशा आशयाचे बोलले. सभेने टाळ्या दिल्या. पुढे एक प्रतिज्ञापत्रक आले : आपण स्वतःच्या आचरणात अस्पृश्यता पाळणार नाही. त्यावर टिळकांनी सही केली नाही.

येथे काळाचा आधार कसा लागू पडेल? कागद त्यांच्याच काळातला होता, समोर ठेवणारा माणूस त्यांच्याच काळातला होता, आणि सह्या करणारेही त्याच काळातले. जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना १८६८ साली, म्हणजे त्या परिषदेच्या पन्नास वर्षे आधी, खुला केला होता. गोपाळबाबा वलंगकरांचे ‘विटाळ विध्वंसन’ १८८८ साली निघाले. आणि टिळकांच्या जन्माच्या आदल्या वर्षी, १८५५ मध्ये, मुक्ता साळवे या मांग समाजातील शाळकरी मुलीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला होता. त्यात तिने महार-मांगांच्या दुःखाची कैफियत मांडली होती. तो काळ मुक्तेचा नव्हता काय?

‘त्या काळी’ म्हणताना आपण नकळत काळ कोणा एका वर्गाच्या नावावर चढवितो. ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांची त्या काळातली गणतीच होत नाही. आमच्या भागात एखाद्या जुन्या गावी सत्तरी ओलांडलेल्या माणसाला विचारा, ‘बाबा, आपला पाणवठा कोठे होता?’ तो बोटाने वेगळी जागा दाखवील. सारे गाव तसे वागत होते हे खरे, पण त्यामुळे ते त्याला कधी योग्य वाटले असे तो म्हणणार नाही.

म्हणून माझ्या मते प्रश्न असा विचारावा : त्या माणसाच्या कानावर त्याच्या हयातीत काय घातले गेले, आणि ऐकून त्याने काय केले?

हीच पट्टी आपल्या घरातही लावली पाहिजे. अस्सलायन सुत्तात तथागत त्या ब्राह्मण तरुणाला विचारतात : योन आणि कंबोज देशांत मालक आणि दास असे दोनच वर्ण आहेत, आणि मालकाचा दास व दासाचा मालक होतो, हे तू ऐकले आहेस ना? म्हणजे चातुर्वर्ण्य सर्वत्र नाही ही माहिती त्याही काळी होती. तथागतांनी ती वापरली आणि न्हावी असलेल्या उपालीला संघात घेतले. येथे आपली छाती फुगते.

पण पुढे वाचा. महाप्रजापती गौतमीने संघप्रवेश मागितला तेव्हा तथागतांनी तीनदा नकार दिला. आनंदाने बाजू मांडल्यावर निर्णय बदलला, तो आठ गुरुधर्मांच्या अटीवर. त्यातील पहिल्या नियमाप्रमाणे शंभर वर्षांच्या भिक्खुणीनेही त्याच दिवशी उपसंपदा घेतलेल्या भिक्खूला वंदन करावयाचे. खुद्द गौतमीने पुढे मागितले की वंदन ज्येष्ठतेप्रमाणे असावे. ती मागणी मान्य झाली नाही, असे चुल्लवग्ग सांगतो. काही अभ्यासक हा भाग मागाहून घातलेला मानतात, आणि त्यांची कारणे वजनदार आहेत. मात्र आपल्याला अडचणीचे ते प्रक्षिप्त, आणि टिळकांपुढे मात्र सहीचा कागद, असा दुहेरी हिशेब अभ्यासवर्गात चालू देऊ नये. येत्या वर्षावासात वाचन असेल तेव्हा हा भाग गाळू नका, आणि तो महिलांकडूनच वाचून घ्या. चर्चेत पहिल्यांदा त्यांनाच बोलू द्या.