प्रौढ स्वमग्न मुलाचा दाखला

“डॉक्टर, मुलगा पंचविशीचा झाला, आता दाखला मिळेल का?” असे पालक मला विचारतात. मिळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता (ऑटिझम) स्वतंत्रपणे नोंदलेली आहे. वय वाढले म्हणून हक्क जात नाही. यूडीआयडीच्या संकेतस्थळावर अर्ज करावा, मग नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. त्या दहा-पंधरा मिनिटांत मुलगा नेमका छान बोलतो! म्हणून लहानपणीची कागदपत्रे न्यावीत. अंघोळ, पैशांचा हिशेब, एकट्याने एसटीचा प्रवास यांत मदत कुठे लागते, ते लिहूनच न्यावे. आईवडील संकोचाने चांगले तेवढेच सांगतात, ते टाळावे. दिव्यांगत्व किमान ४० टक्के भरले आणि उत्पन्न मर्यादेत असले, तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो.