पाहुण्यांच्या खोलीतली गाडी

घरात रेल्वेवेडं मूल असेल, तर एक ना एक दिवस ते पाहुण्यांच्या खोलीवर हक्क सांगणार, हे ठरलेलं. ‘ती खोली नाहीतरी रिकामीच असते ना?’ असं ते विचारतं. ती रिकामी मुळीच नसते, हे आपल्यालाच ठाऊक. तिथे दिवाण असतो, गाद्यांची चळत असते, इस्त्री व्हायची राहिलेले कपडे असतात. शिवाय मे महिन्यात आत्या, दिवाळीत मामा, कुणी ना कुणी मुक्कामाला असतंच.

मग आपण ‘बघू’ म्हणतो. सगळेच म्हणतो. ऑफिसातून येऊन कुकर लावता लावता दुसरं काय सुचणार? मूल मात्र त्या ‘बघू’वर कितीतरी दिवस आशा लावून बसतं.

आपल्या मनात काय चालू असतं, तेही मला माहीत आहे. किती खर्च होईल? अभ्यासाचं काय? चार महिन्यांत वेड उतरलं तर एवढ्या पसाऱ्याचं काय करायचं? या काळज्या खोट्या नाहीत. छोट्या रेल्वेचं बरंचसं सामान बाहेरून येतं, ते महागच पडतं. म्हणूनच मी म्हणेन, दुकानात जायच्या आधी भरपूर दिवस नुसती आखणी होऊ दे. आखणीला पैसे लागत नाहीत, आणि या छंदातला अर्धा आनंद तिथेच असतो.

आमच्या लेकीचं स्वप्न पुण्यातल्या कर्वे रस्त्यावर सुरू झालं. भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभराच्या छंदातून उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय तिथे आहे. 1998 पासून ते लोकांसाठी खुलं आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या मुलाला सगळंच हवं असतं. बोगदा, पूल, घाट, दोन स्टेशनं आणि शिवाय डेक्कन क्वीन. आपल्याकडे खोली दहा बाय दहाची, त्यातही दार आत उघडणारं.

इथे आपल्या तोंडात पटकन ‘एवढं मावणार नाही’ येतं. ते खरंही असतं. पण आपण म्हटलं की तो नकार होतो, आणि मूल हिरमुसतं. त्यापेक्षा खोलीलाच बोलू द्यावं.

एक दोरी घ्या. तिच्या एका टोकाला खडू बांधा, अठरा इंचांवर दुसरं टोक मुलाच्या हाताने जमिनीवर दाबून धरा, आणि अर्धगोल काढा. एचओ मापाच्या, म्हणजे खऱ्यापेक्षा 87 पट लहान गाडीचं हे नेहमीचं वळण. ते तीन फूट रुंद भरतं. दोन्ही कडांना थोडी जागा सोडली की फळी चार फुटांची झाली. आमची लेक त्या अर्धगोलात उभी राहिली, मग जाऊन दार उघडून पाहिलं. दार खडूच्या रेघेवरून गेलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘आई, दोरी लहान करून बघू या?’

लहान करता येते. एन माप 160 पट लहान असतं, त्याचे रूळ 9 मिलिमीटरचे. दहा-अकरा इंचांच्या दोरीवर त्याचं वळण बसतं, आणि अडीच फुटांच्या फळीवर गाडी गोल फिरते. मात्र डबे इतके बारीक की लहान बोटांना ते रुळावर चढवताना कंटाळा येतो, कधी रडूही येतं. सात-आठ वर्षांच्या मुलासाठी मी एचओच बरं म्हणेन, बाराच्या पुढच्यासाठी एन. पण निर्णय मुलाने दोन्ही डबे हातात घेऊन करावा.

गाडीच्या लांबीचंही तसंच. जुना निळा डबा साधारण 21 मीटरचा. 87 ने भागला की 24 सेंटिमीटर. सोळा डब्यांची गाडी जवळजवळ तेरा फुटांची, म्हणजे खोलीच्या बाहेर पॅसेजमध्ये. हा हिशेब मुलाला करू द्या. भागाकाराचा कंटाळा करणारी मुलंसुद्धा इथे वही घेऊन बसतात. शेवटी ‘इंजिन आणि चार डबे’ यावर ती स्वतःच येतात. स्वतः आल्यामुळे त्या चार डब्यांचं त्यांना वाईट वाटत नाही.

घाटाचा मात्र हट्ट सुटत नाही. लोणावळ्याला गाडीने गेलेलं प्रत्येक मूल घाट मागतं. त्याला बोरघाटाची गोष्ट सांगा. तिथला सर्वांत मोठा चढ 37 ला 1 आहे, म्हणजे 37 फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. एवढ्यासाठीसुद्धा कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. आता आपल्या फळीवर एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा, तर तीन इंच तरी चढायला हवं. त्याच चढाने तीन इंच चढायला सव्वानऊ फूट लागतात. अख्खी भिंत नुसत्या चढण्यात गेली, मग उतरायचं कुठे?

पण घाट दिसण्यासाठी गाडी चढायलाच हवी असं नाही. रूळ सपाट ठेवा आणि डोंगर त्याच्या मागे उभा करा. वर्तमानपत्रांचे बोळे, त्यावर खळीत बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या, वाळल्यावर रंग. दिवाळीत किल्ला करणाऱ्या आपल्या मुलांना डोंगर कसा उभा राहतो हे शिकवावं लागत नाही. गाडी मागच्या बाजूला डोंगराआड शिरते, थोडं थांबते, पुढून बाहेर येते. त्या थांबण्यात मुलाला ती पळसदरीपासून खंडाळ्यापर्यंत जाऊन आलेली असते.

आता मला खरं जे बोलायचं आहे ते. मुलांना छोट्या जागेचं फारसं दुःख नसतं. उचलून ठेवण्याचं असतं. ‘उद्या काका येणार आहेत, आवर ते सगळं,’ हे आपण सहज म्हणतो. दोन दिवस खपून मांडलेले रूळ मूल खोक्यात भरतं. पाहुणे गेल्यावर पुन्हा मांडतं. असं दोन-चारदा झालं की पुढच्या वेळी मांडतच नाही. मग आपण म्हणतो, बघ, वेड उतरलंच शेवटी! मला वाटतं, कितीतरी छंद असेच संपत असतील.

म्हणून आखणी करताना पहिला नियम हा धरावा, की पाहुणे आले तरी गाडी हलणार नाही. खोलीच्या मध्ये मोठं टेबल मांडलं की हे जमत नाही. भिंतीला धरून फूट-सव्वा फूट रुंदीची प्लायची फळी, खाली ब्रॅकेट, असं केलं की दिवाण आपल्या जागी राहतो. फळी मुलाच्या छातीइतक्या उंचीवर ठेवावी, म्हणजे गाडी त्याला फलाटावरून दिसते तशी दिसते. फक्त झोपणाऱ्याच्या डोक्याकडची भिंत टाळावी.

‘पण मग गाडी गोल कशी फिरणार?’ हे येणारच. त्या प्रश्नाला इंग्लंडमधल्या अ‍ॅलन राइट या छंदी माणसाने एक सुरेख उत्तर देऊन ठेवलं आहे. ‘इंगलनुक सायडिंग्ज’ नावाची त्याची मांडणी आहे. त्यात गाडी गोल फिरतच नाही, मागेपुढे होते. दोन सांधे, म्हणजे रूळ बदलायच्या जागा, आणि तीन सायडिंगं. एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. इंजिनाच्या बाजूच्या रुळावर इंजिन आणि तीन वाघिणी, त्याहून जास्त नाही. एकूण वाघिणी आठ. आठ चिठ्ठ्या करायच्या, पाच उचलायच्या, आणि ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने मालगाडी जोडायची. छोट्या चारचाकी वाघिणी घेतल्या तर हे सगळं पाचेक फुटांच्या फळीवर बसतं. पाच वाघिणींचे क्रम होतात 6720, त्यामुळे खेळ संपत नाही. आमच्याकडे आजोबा चिठ्ठ्या काढतात, लेक शंटिंग करते. आजोबांचं बालपण जामनेरचं, पाचोरा-जामनेर गाडीत, म्हणजे ‘पीजे’त, बसून मोठे झालेले. नॅरोगेजच्या यार्डात इंजिन कसं मागेपुढे करायचं याच्या सूचना ते खुर्चीतून देत असतात, आणि ती ऐकते.

गोल फिरणारी गाडी हवीच असेल, तर तीही चूक नाही. काही मुलांना डबे जोडण्यापेक्षा गाडी नुसती धावताना बघायला आवडतं. आपलं मूल कुठलं, हे त्याला विचारा आणि त्याचं उत्तर खरं माना.

आपल्या बाबतीत एक जपायला हवं. आपल्यालाही लहानपणी हे हवं असतं आणि मिळालेलं नसतं. मग हात शिवशिवतात. रविवारी दुपारी बाबा फळीवर वाकलेले आणि मूल शेजारी पक्कड धरून उभं, हे दृश्य कितीतरी घरांत दिसेल. प्रेमापोटीच होतं ते. तरीही स्टेशन कुठे, सिग्नल कुठे, हे त्याला ठरवू द्या. स्टेशन वळणावर आलं, तर येऊ दे. फलाटाची कड डब्याला घासली की ते स्वतःच सरकवेल.

विजेचं काम आपलं. रुळांतून जेमतेम 12 व्होल्ट जातात, त्याची भीती नको. पण भिंतीतला प्लग, सोल्डरिंगची गरम सळई आणि करवत मोठ्यांच्याच हातात हवी. वीज रुळातून चाकांत जाते, त्यामुळे धुळीने गाडी अडखळते. आपल्याकडे धूळ काय सांगावी! खिडकीखालची भिंत म्हणूनच नको. पावसाळ्यात ओल धरणारीही नको, प्लाय फुगतो. रात्री फळीवर प्लास्टिकचा कागद घालायचा, हे काम मुलाकडे द्यावं.

खरेदीला एक इंजिन, एक कंट्रोलर, आठ वाघिणी आणि दोन सांधे सुरुवातीला पुरे. आजी-आजोबा, मावशी वाढदिवसाला काय आणू विचारतात, त्यांना पुढची यादी द्या.

आणि रूळ लगेच ठोकू नका. नुसते मांडून चालवू द्या. आज मूल सांधा डावीकडे नेईल, परवा उजवीकडे, एखाद्या दिवशी सगळं काढून पुन्हा पहिल्यासारखं करेल. आपल्याला वाटेल, हे कधी पुरं होणार? होऊ दे सावकाश. ‘आई, आता हे बदलायचं नाही,’ असं ते म्हणेल, तेव्हा खिळे काढा.