द्राक्षवेलीच्या दोन छाटण्या

छाटणीची वेळ झाडाच्या वाढीवर व हवामानावर अवलंबून असते. नाशिककडील द्राक्षबाग हे याचे उत्तम उदाहरण होय. तेथे वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या खरड छाटणीत जुनी काडी एक-दोन डोळ्यांवर कापतात. नव्या काडीला उन्हाळ्यात भरपूर प्रकाश मिळून तिच्या डोळ्यांत सूक्ष्म घड तयार होतो. पावसाळा सरताना, ऑक्टोबरच्या सुमारास, गोड छाटणी करतात. त्या वेळी घडाचा डोळा राखून त्याच्या पुढे कापावे लागते. तोच कापला गेला तर वर्षाचे पीक बुडाले! घाई केल्यास परतीच्या पावसात केवडा रोग कोवळे घड नासवतो. उशीर झाल्यास थंडीने वाढ मंदावते. म्हणून जाणता बागाईतदार आधी डोळे तपासून घेतो, आभाळ पाहतो आणि मगच कात्री उचलतो.