प्लास्टिकच्या हरितगृहाचे प्राण्यांपासून संरक्षण

लोखंडी नळ्यांच्या अथवा बांबूच्या कमानींवर पारदर्शक प्लास्टिक ताणून बोगद्याच्या आकाराचा जो निवारा उभारतात, त्यास प्लास्टिकचे हरितगृह अथवा पॉलीहाऊस असे म्हणतात. १९४८ साली अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात एमरी एमर्ट या उद्यानविद्येच्या प्राध्यापकांनी महागड्या काचेऐवजी सेलोफेनचे आवरण वापरून असे हरितगृह उभारले. आज हिमाचल प्रदेशाच्या डोंगरउतारांवरील लहान शेतकरीदेखील अशा छताखाली टोमॅटो आणि ढोबळी मिरची पिकवितात.

या आवरणाची जाडी सामान्यतः २०० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा पाचवा हिस्सा असते. थंडी व पाऊस अडविण्यास ते पुरेसे आहे; परंतु दात आणि नखे यांपुढे त्याचा टिकाव लागत नाही. म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवावयाची ती ही की, आवरण म्हणजे भिंत नव्हे. प्राण्याला अडवावयाचे ते आवरणापाशी पोहोचण्यापूर्वी. त्यासाठी कोणता प्राणी कशासाठी येतो, हे प्रथम जाणले पाहिजे.

उंदीर व घूस यांना हरितगृहात ऊब, बियाणे आणि मऊ माती ही तिन्ही एकत्र मिळतात. त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. या दातांच्या पुढील बाजूस कठीण लुकण असते, मागील भाग मात्र त्याहून मऊ असतो. कुरतडताना मागील भाग अधिक झिजतो आणि दातांना पटाशीसारखी धार राहते. अशा दातांपुढे प्लास्टिकच काय, लाकूडही टिकत नाही. म्हणून हरितगृहाच्या पायाभोवती जस्ताचा मुलामा दिलेली तारेची जाळी बसवावी. लहान उंदीर बोटाएवढ्या फटीतूनही आत शिरतो; यास्तव जाळीची भोके ६ मिलिमीटरपेक्षा मोठी नसावीत. जाळी जमिनीवर सुमारे ६० सेंटिमीटर उंच असावी व जमिनीत ३० ते ४५ सेंटिमीटर पुरावी. पुरलेले टोक बाहेरच्या दिशेस काटकोनात वळवावे. बीळ उकरणारा प्राणी अडथळ्याच्या अगदी लगत उकरू लागतो आणि वळविलेल्या जाळीवर अडतो.

दाराच्या उंबऱ्याखालील फट विटांनी बंद करावी व दाराच्या खालच्या भागास पत्रा ठोकावा. भोवतालची एक मीटर रुंदीची पट्टी गवत काढून मोकळी ठेवावी. उघड्यावरून जाणे उंदीर टाळतो. बियाणे व पेंड पत्र्याच्या डब्यात ठेवावी.

माकडांची गोष्ट निराळी. ती आवरणावर उड्या मारतात आणि पिकलेले फळ दिसताच ते फाडतात. त्यांच्यावर एकच रामबाण उपाय नाही. जवळच्या झाडांच्या छतावर आलेल्या फांद्या छाटाव्यात, बाजूच्या झडपांना मजबूत जाळी लावावी, फळे वेळेवर तोडावीत आणि टाकाऊ भाजी आसपास फेकू नये. माकडांना खाऊ घालणे तर कटाक्षाने टाळावे.

गुरे, शेळ्या, रोही आणि रानडुक्कर यांच्यासाठी कुंपण हवे. ते आवरणाला लागून असल्यास गुरे मान आत घालून प्लास्टिक ओढतात. म्हणून मध्ये दीड-दोन मीटर अंतर सोडावे. कुत्री व मांजरे बहुधा उबेसाठी येतात, तेव्हा दार नीट बंद ठेवणे इतकेच पुरे.

एवढे करूनही एखादे भोक पडेलच. ते त्याच दिवशी, आतून व बाहेरून चिकटपट्टी लावून बुजवावे. भोकातून शिरलेला वारा आवरण फुगवितो व लहानशी चीर हातभर वाढते. एका रात्रीत साऱ्या रोपांना थंडी बाधू शकते.

दोन गोष्टी मात्र कदापि करू नयेत. कुंपणात घरातील वीज सोडल्यास जनावराआधी माणसाचा, बहुधा घरातल्याच मुलाचा, जीव जाण्याचा धोका असतो. तसेच विष खाऊन मेलेला उंदीर घुबडाने अथवा मांजराने खाल्ल्यास तेही मरू शकते. उंदीर खाणारेच नाहीसे झाले, तर पुढील हंगामात उंदीर वाढल्यावाचून राहणार नाहीत. त्याऐवजी भिंतीच्या कडेने सापळे लावावेत. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून प्रथम काही दिवस सापळा न चढविता त्यात नुसते आमिष ठेवावे.

विद्यार्थ्यांनी एक प्रयोग करून पाहावा. सायंकाळी दारापाशी चाळलेली थंड राख पसरावी आणि सकाळी ठशांची चित्रे काढावीत. कुत्र्याच्या ठशात नखे उमटतात, मांजराच्या ठशात सहसा उमटत नाहीत. उंदराच्या पुढच्या पावलाची चार व मागच्या पावलाची पाच बोटे दिसतात. आठवडाभराच्या अशा नोंदींवरून रात्रीचा पाहुणा कोण, हे कळते. मग जाळी, कुंपण की सापळा, याचा निर्णय तर्काने नव्हे, तर पुराव्याने करता येतो.